शिगेचा खेळाडू

भागोजीभाऊ फाटकातून आत येताना दिसले की माझी बायको श्रद्धा चहाचं आधण ठेवता ठेवता विचारते, “आज कोणाला न्यायला आलात?” कारण हा माणूस कधी वस्तू मागायला येत नाही, माणसं मागायला येतो. गोलकीपर आहे का एखादा? डाव्या पायाचा कोणी? लंगडत असला तरी चालेल, पण पळणारा हवा. वय एकोणसाठ, चालणं तुरुतुरु आणि हातात नेहमी तीच खाकी कापडी पिशवी. पिशवीत नारळ. नारळाच्या वाडीत नारळ घेऊन येणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

मी यशोधन. चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. मी अलिबागच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि उरलेल्या वेळात ‘सागरतीर फुटबॉल क्लब’चा सेक्रेटरी म्हणून लोकांशी भांडतो. भागोजीभाऊंचा क्लब आत डोंगराकडे, मोरवंड्याला. आमच्या गोलांना जाळ्या आहेत, पोरांना गणवेश आहे, दोन चेंडू जादा आहेत. त्यांच्याकडे भागोजीभाऊ आहेत. लीगमध्ये आम्ही त्यांना दरवर्षी हरवतो असं मी सगळीकडे सांगतो. खरं म्हणजे वर्षाआड हरवतो.

फुटबॉलचा नाद त्यांना मुंबईच्या गोदीत लागला. वीस वर्षं तिथे काढली. गोदीच्या संघात आधी बाहेर गेलेला चेंडू आणून देत, मग लेफ्ट बॅक झाले. नोकरी सोडून लोक गावी येतात तेव्हा फ्रिज आणतात, टीव्ही आणतात. यांनी दोन चेंडू आणि हवा भरायचा पंप आणला. गाव कबड्डीचं आणि क्रिकेटचं. लोक हसले. यांनी भातकापणी झाल्यावर घरामागच्या तीन खाचरांचे बांध फोडले, चोपून सपाट केले आणि मैदान म्हणून जाहीर केलं. मे महिन्यात बांध पुन्हा घालायचे, कापणीनंतर पुन्हा फोडायचे. अकरा वर्षं हेच चाललंय.

आणि अकरा वर्षं त्यांच्या बायकोचं, ठमाबाईंचं, एकच म्हणणं आहे. भात निघालं की जमिनीत ओल असते, त्या ओलीवर वाल पेरायचा असतो. अख्खं गाव वाल पेरतं, मडक्यात शेंगा भाजून पोपट्या लावतं, आणि आपण तिथं चेंडू लाथाडतो. “चेंडू उगवतो का?” असं त्या आल्यागेल्याला विचारतात. मलाही विचारलंय.

मोरवंड्यात माणसं उसनी घेणं नवीन नाही. लावणी-कापणीला त्यांची सावड असते: आज तुमच्या शेतात आमची चार माणसं, परवा आमच्या शेतात तुमची चार. भागोजीभाऊंनी तीच रीत फुटबॉलला लावली. एखाद्या गावाचा स्ट्रायकर मोसमभर घ्यायचा आणि त्यांच्या कापणीला आपला अख्खा बचाव विळे देऊन पाठवायचा. फुटबॉल संघटनेच्या फॉर्मवर ‘लोन’ लिहिलेलं असतं, भागोजीभाऊ त्याला उसनं म्हणतात. इथवर सगळं ठीक. पण उसन्याची त्यांच्या घरात आणखी एक रीत आहे. पायलीभर तांदूळ उसने आणले तर फेडताना पायली सपाट भरून द्यायची नाही. वर शीग चढवायची, दाणे ओघळेपर्यंत.

चार वर्षांपूर्वी त्यांनी आमचा गोलकीपर उसना नेला. मोसम संपल्यावर त्याला परत आणून सोडलं आणि त्याच्या शेजारी एक उंच, हडकुळा पोरगा उभा केला.

“ही शीग,” म्हणाले.

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. तो दादू, त्यांचाच धाकटा मुलगा, तेव्हा एकोणीस वर्षांचा.

“अहो, फुटबॉलमध्ये असं नसतं,” मी म्हटलं.

“उसन्यात असतं. न् शीग घरच्या कणगीतली घालायची, सर. दुसऱ्याची चालत न्हाय.”

दादू बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. त्याच क्षणी बापलेकांना जेवायला घालून मी घरी पाठवायला हवं होतं. मी कपाटातून फॉर्म काढला आणि दोघांच्या सह्या घेतल्या. कायमची बदली. आज दादू अलिबागला झेरॉक्सच्या दुकानात काम करतो, राहतो मोरवंड्यालाच आई-बापाजवळ, आणि मधल्या काळात आमचा कॅप्टनही झाला. मधल्या फळीत त्याच्यासारखा खेळणारा तालुक्यात नाही. मी त्याचं श्रेय माझ्या प्रशिक्षणाला देत असे. लाज नावाची गोष्ट माणसाला गणिताच्या पुस्तकात शिकवत नाहीत.

बाकीच्या गावांनीही त्यांच्या शिगा अशाच ठेवून घेतल्या. जग खेळाडू घेऊन संघ उभारतं, हा माणूस देऊन देऊन उभारतो.

आणि पोटचा पोरगा ठेवून घेतला तो मी कोणाचा? वीस सालच्या जूनमधल्या वादळात आमची वाडी एका सकाळीत आडवी झाली होती. घरातून विहिरीपर्यंत जायला वाट नव्हती. तिसऱ्या दिवशी भागोजीभाऊ बारा खेळाडू आणि बारा कोयते घेऊन आले, आठ दिवस राबले आणि वाडी मोकळी करून दिली. मजुरीचा विषय काढला तर रागावले. जाताना फक्त सहा सरळसोट सुपारीची खोडं मागून नेली. मोरवंड्याचे दोन्ही गोल अजून त्याच खोडांचे आहेत.

गेल्या नोव्हेंबरात त्यांच्या संघाची पार दाणादाण उडाली. तिघे कारखान्यात पाळीवर लागले, एक जहाजावर गेला. राहता राहिला रितेश, त्यांचा सगळ्यात जास्त गोल करणारा पोरगा. त्याला नवी मुंबईच्या मोठ्या क्लबने बोलावलं. लीगचा नियम साधा आहे: तीस नोव्हेंबरला संध्याकाळी पाचपर्यंत चौदा नावांची यादी द्यायची, नाहीतर क्लबचं नाव कटलं. ठमाबाईंचा नियम त्याहून साधा होता. वालाचं बी पाखडून ठेवलेलं होतं. तीस तारखेला यादी गेली नाही, तर एक तारखेला तिन्ही खाचरांत वाल, आणि पुन्हा बांध फोडायचं नाव काढायचं नाही. एकदा वाल पेरला की मोरवंड्यात फुटबॉल संपला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एकोणतीसला सकाळी भागोजीभाऊ आमच्याकडे आले. पिशवीतून नारळ काढून ओटीवर ठेवला.

“तेरा झालं, सर. त्यात एक पोस्टमन हाय, येक्केचाळीस वर्षांचा. चौदावा पायजे. कसा बी चालंल.”

“रितेशला सोडलंत कशाला? आणखी एक वर्ष अडवून ठेवायचा.”

“त्याचं पाय हायत. आपलं थोडंच हायत?”

मी म्हटलं, या वर्षी आमच्याकडेच माणसं कमी आहेत. साफ खोटं. अठरा होते, त्यातले चार जण नुसते बाकावर बसून शेंगदाणे खातात. पण आमचा पहिला सामना मोरवंड्याशीच होता. त्यांचं नाव कटलं की न खेळता तीन गुण आमचे. माझ्या डोक्यात त्या वेळी एवढंच गणित होतं, आणि बरोबर होतं.

भागोजीभाऊंनी पुन्हा विचारलं नाही. चहा घेतला, वाडी छान सावरली म्हणाले आणि उठले. श्रद्धाने त्यांच्या पिशवीत ओंजळभर सुपाऱ्या आणि आणखी काहीतरी घातलं.

“काय घातलंय ते बघा तरी,” मी आपलं उगाच म्हटलं.

“पिशवीत काय घातलं ते दारात बघू नाय न् घरी गेल्यावर परत करू नाय,” ते हसत म्हणाले आणि तुरुतुरु निघून गेले.

फाटक लागलं तशी श्रद्धा वळली. “मी त्यांची पिशवीसुद्धा रिकामी पाठवत नाही,” ती म्हणाली, “आणि तुम्ही अख्खा माणूस रिकामा पाठवलात.”

मला भयंकर राग आला. तिचा नाही, पण तिच्यावरच काढला. दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी सरावाला गेलो आणि दादूला बाजूला बोलावलं.

“तुला मोरवंड्याकडून खेळायचंय का?”

दादूने चेंडू पायाखाली थांबवला. “सर, चार वर्षांत मला हे कुनीच इचारलं न्हाय. बाबांनी न्हाय, तुमी बी न्हाय.”

“आता विचारतोय ना.”

“आपली न् बाबांची मॅच असली की आय दोन्ही बाजूंनी वराडते,” तो म्हणाला. “दोन दिवस तिचा आवाज बसतो.”

“म्हणजे हो?”

“व्हय.”

तीस तारखेला शाळा सुटल्यावर आम्ही दोघं संघटनेच्या ऑफिसात पोचलो, तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. भागोजीभाऊ टेबलाशी वाकून यादी भरत होते. तेरा नावं झाली होती. चौदाव्या ओळीत त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि वयाच्या रकान्याशी येऊन अडले होते. समोरचा कारकून हसू दाबत होता. मला हसू आलं नाही. मी दादूच्या बदलीचा फॉर्म यादीवर ठेवला.

त्यांनी तो वाचला आणि हळूच माझ्याकडे सरकवला. “शीग परत घेत न्हाईत, सर.”

“अहो, मी आपणहून देतोय.”

“तुमी द्याल. मी कसा घेऊ? दिल्याली शीग घरात आनली तर गाव तोंडात शेन घालंल.”

घड्याळात दहा मिनिटं राहिली होती आणि हा माणूस आपला क्लब बुडवायला तयार होता, पण रीत मोडायला नव्हता. मी कपाळावर हात मारला. मग सुचलं. “बरं, बदली नको. उसना न्या. मोसमभर.”

हे त्यांना पटलं. चेहरा उजळला. “ह्ये चालंल. मोसम संपला की परत आनतो, शीग लावून.”

“शीग नको!” मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या खोलीतून माणूस डोकावला.

“मंग उसनं न्हाय घेत.”

कारकुनाने शिक्का उचलून परत ठेवला. दादू म्हणाला, “बाबा, शीग वालाची लावा की.”

बापाने पेन उचललं. मग स्वतःचं नाव खोडलं आणि त्याखाली लेकाचं लिहिलं, एकेक अक्षर कोरून. पाच वाजायला चार मिनिटं असताना शिक्का पडला.

पण वालाची शीग कबूल केली म्हणजे वाल पेरायला हवा. शेवटी ठमाबाईंनीच तोडगा काढला. दोन्ही गोलांच्या मागच्या पट्ट्यांत त्यांनी वाल पेरला. तिथे चेंडू गेला की पंचाने नाही, ठमाबाईंनी आत जायचं. आधी वेल बघायचे, मोडला असेल तर मारणाऱ्याच्या सात पिढ्या काढायच्या, मग चेंडू फेकायचा. आमचा पहिला सामना दोन तास चालला. पहिला गोल आम्ही केला, दुसरा पोस्टमनच्या गुडघ्याला लागून झाला, तिसरा दादूने केला. एकाला दोन गोलांनी हरलो. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. पण गोलमागे ठमाबाई वालात उभ्या राहून एकाच बाजूने ओरडत होत्या, आणि ते ऐकून मला बरंही वाटलं.

मार्चमध्ये लीग संपली. मोरवंडे चौथे, आम्ही पाचवे. दुसऱ्या रविवारी भागोजीभाऊ दादूला घेऊन आले. ठरल्याप्रमाणे पिशवी वालाने भरलेली, तोंड बांधता येत नव्हतं, चार दाणे पायरीवर ओघळले.

“घ्या, सर. तुमचा क्याप्टन. न् ही शीग.”

बोलताना हसत होते, पण दादूच्या खांद्यावरचा हात काढायला त्यांना वेळ लागला. श्रद्धाने वाल सुपात ओतले, पिशवी झटकली, तळाशी सुपाऱ्या घातल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी खिशातला कागद काढला. दादूच्या बदलीचं पत्र होतं, कायमच्या. माझी सही होती आणि आदल्या आठवड्यात घेतलेली दादूचीही. घडी करून सुपाऱ्यांवर ठेवला आणि पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आत बघितलं नाही. रीतच आहे ती.

“दादू राहतो जेवायला,” मी म्हटलं. “संध्याकाळी पाठवतो.”

दुपारी फोन वाजला. ठमाबाई होत्या.

“सर, पिशवी उपडी केली न् कागद निघाला. ह्ये ओटीवर बसून रडतायत येड्यावानी. पार म्हातारं झालं.”

“ठेवून घेणार ना?”

“न ठेवून काय करतील? पिशवीतलं परत न्हाय करता येत.” मग त्या नेहमीच्या सुरात म्हणाल्या, “पन एवढं मोठं आलं, आता आमाला बी काय तरी धाडाय पायजे. काय घालू पिशवीत, तेवढं सांगा.”

समोर दादू तिसऱ्यांदा भात घेत होता. “काहीही घाला, वहिनी,” मी म्हटलं. “फक्त माणूस घालू नका.”