आतल्या खोलीतलं बोलिंग

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी भांडुपला आमच्या घरी हळदीकुंकू होतं आणि त्यात मी भांडले. अजिबात पश्चात्ताप नाही.

सासरे गेल्यापासून सासूबाई, म्हणजे आमच्या आई, या दिवशी आतल्या खोलीत जाऊन बसतात. कोणी सांगत नाही, त्याच उठून जातात. त्याच खोलीत नवऱ्याने भंगारवाल्याकडून आणलेलं बोलिंगचं जुनं व्हिडिओ गेम मशीन आहे, कपाटाएवढं. असं मशीन आता शोधून सापडत नाही. पुढे बसवलेला गोळा तळहाताने गरकन फिरवला, की पडद्यावर बॉल सुटतो आणि पिना पडतात.

बाहेर मी वाण देतेय, आणि आतून धडाम्! सगळ्या पिना एकदम आडव्या. बायका वाण हातात घेऊनच आत धावल्या. "काकी, मला पण शिकवा ना!"

नवऱ्याची आत्या तडकली. "वहिनी, आजच्या दिवशी तरी गप बसायचं ना! सूनबाई, बंद कर ते."

माझं डोकंच फिरलं. "मशीन चालूच राहणार, आत्या. आणि हळदीकुंकू पण इथेच होणार." मी करंडा घेऊन आईंच्या बाजूला उभी राहिले.

आईंनी मान वळवलीच नाही. हात गोळ्यावर, डोळे पडद्यावर.

"थांब गो, आधी माझो डाव पुरो होऊंदे. मगे लाव."

थांबले. मग लावलं.

तुमच्या घरी हळदीकुंकवाला आतल्या खोलीत कोण बसतं?