खाला पुढच्या सीटवर बसायची

खालाला गाडीत मागे बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या राजिवड्यात बायकांनी मागे बसायचं आणि पुरुषांनी पुढे, हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. घरात पुरुष नसला तर चालवणाऱ्याच्या शेजारी नारळांची पिशवी बसायची, पण बाई बसायची नाही. खाला मात्र सरळ पुढचं दार उघडायची, बसायची, पट्टा लावायची आणि मगच पदर सारखा करायची. एखादे मामू दाराशी घुटमळले तर म्हणायची, "मागे बस रे बाबा. मागे गप्पांना माणसं आहेत. इथे कामाला माणूस लागतं."

ती माझ्या आईची धाकटी बहीण, म्हणजे खाला माझी, पण सगळा मोहल्ला तिला खालाच म्हणायचा. तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. ती गेली त्याला फार दिवस झाले नाहीत. तिच्याविषयी लिहायला बसते आणि दोन ओळींनंतर उठते, असं चाललं आहे.

तिचा नवरा जहाजावर होता. एका सुट्टीत त्यानं गाडी घेतली, अंगणात उभी केली आणि तो परत गेला. अशा गाड्या आमच्याकडे घरोघरी आहेत. बाप कुवेतला नाहीतर समुद्रावर, गाडी ताडपत्रीखाली, आणि घरात पुरुष म्हणून उरलेला मिसरूड फुटलेला मुलगा. कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, कुणाच्या लग्नाला जायचं झालं, की चावी त्याच्याच हातात जाते. परवान्याचं वय झालंय का, हे कुणी विचारत नाही. उलट आईचा ऊर भरून येतो, की पोरानं बापाची जागा घेतली. खालाचा नईम सोळा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याही हातात चावी द्यायला घरचे उतावीळ झाले होते. खालानं चावी आपल्या बटव्यात टाकली आणि चाळिशीत स्वतः गाडी शिकायला गेली.

ओट्यावरच्या माणसांना विषय मिळाला. एकानं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाप जहाज चालवतो, आई गाडी चालवते, पोरगा काय पाळणा हलवणार?" खाला गाडी मागे घेत होती. तिनं आधी ती नीट मागे घेतली, थांबवली, काच खाली केली आणि म्हणाली, "हलवू दे की. जिता राहिला तर हलवेल ना."

हळूहळू दुसऱ्या आया तिच्याकडे येऊ लागल्या. एक म्हणाली, माझा पोरगा सोळाचा आहे, पण मोठ्या माणसापेक्षा छान चालवतो. खाला तिला म्हणाली, "छान चालवतो, मी बघितलंय. पण समोरून येणाऱ्याचं डोकं पण आपल्यालाच चालवायचं असतं. ते इतक्यात येत नाही." मुलगा अठराचा होऊन परवाना घेऊन आला, की मग खाला त्याच्या शेजारी बसायला तयार व्हायची. पहिलं वर्षभर तो कुठेही निघाला की शेजारी खाला. ती शिकवायची नाही. निघताना त्याचा फोन पुढच्या कप्प्यात टाकायची आणि मग भाट्याच्या पुलावरून जाऊन परत येईपर्यंत बाहेर बघत बसायची. मुलं म्हणायची, खाला ओरडली असती तर बरं झालं असतं, ती गप्प बसली की घाम फुटतो.

दोस्तांना मागे बसवायला तिची सक्त मनाई होती. माझा धाकटा भाऊ सुहेल यावरून तिच्याशी वाद घालायचा. ती त्याला म्हणाली होती, "एक पोरगा असला की तो गाडी चालवतो. दोन असले की दोघं मिळून चालवतात. चार असले की गाडी कोणीच चालवत नाही." सुहेल म्हणायचा, खाला शेजारी बसली की आमच्या गाडीला ब्रेकच ब्रेक, चाकं नाहीत. ती यावर मनापासून हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेजारी येऊन बसायची.

नईमच्या निकाहच्या दिवशी मी तिला जे करताना पाहिलं, ते मी अजून विसरलेले नाही. मुलगी पावसच्या पलीकडच्या गावातली. फुलांनी सजवलेल्या गाडीत नईम मागे आणि खाला अर्थातच पुढे. आमची गाडी सुहेलकडे होती. परवाना मिळून त्याला वर्षही झालं नव्हतं. मी पोचले तोवर त्यानं चार दोस्त कोंबले होते आणि त्यांचं ठरलं होतं, की सड्यावर दुल्ह्याच्या गाडीला मागे टाकायचं आणि खिडकीतून व्हिडिओ काढायचा. सडा म्हणजे आमचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. घाटी चढून वर आलं की रस्ता सरळ होतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप जड होतो.

गाड्या निघणार एवढ्यात खालानं आरशात मागे पाहिलं. पट्टा सोडला, जरीची साडी सावरत खाली उतरली आणि आमच्या गाडीशी आली. चौघांना तिनं मिनीबसमध्ये म्हाताऱ्यांबरोबर बसायला लावलं, मला मागे बसवलं आणि स्वतः सुहेलच्या शेजारी बसली. तिचे दीर धावत आले. दुल्ह्याची आई शेवटच्या गाडीत, तिकडे लोक दारात उभे असतील, काय म्हणतील, असं बरंच बोलले. खाला म्हणाली, "निकाह माझ्या पोराचा आहे. तो लागेल. जरा उशिरा लागेल."

सुहेलचं तोंड फुगलेलं होतं. सड्यावर पोचलो तोवर बाकीच्या गाड्या दिसेनाशा झाल्या होत्या. मागून मोहल्ल्यातल्याच पोरांच्या दोन मोटरसायकली हॉर्न वाजवत आल्या. एकानं वाकून आत पाहिलं, "काय रे सुहेल, खालाची रिक्षा काय?" असं ओरडून तो पुढे गेला. गाडीनं एकदम झेप घेतली. मी मागून सीट घट्ट धरली. खालाचा आवाज नेहमीसारखाच होता.

"राग आला ना? मग बाजूला घे."

त्यानं घेतली. खाला उतरून कडेच्या जांभ्याच्या गडग्यावर, बुटक्या दगडी बांधावर, बसली आणि त्यालाही बसायला लावलं. राग उतरला की निघू, म्हणाली. कप्प्यात तिचा फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. एकुलत्या मुलाचा निकाह आणि ही बाई उन्हात, साडीवर धूळ घेत, दुसऱ्याच्या पोराचा राग उतरायची वाट बघत बसलेली. शेवटी सुहेलच काकुळतीला आला.

"खाला, तिकडे सगळे थांबलेत गो."

"थांबलेत ना? खुर्चीवर बसून सरबत पितायत. थांबलेल्या माणसाला काही होत नाही."

आम्ही पोचलो तेव्हा मांडवातली माणसं कंटाळून गेली होती. मुलीची फुफी, म्हणजे आत्या, मोठ्यानं म्हणाली, "मुलाची आई रुसून बसली होती वाटतं." खालानं सगळ्यांदेखत तिचा हात धरला आणि सांगितलं, "नाही गो. ड्रायव्हर नवा आहे." तो टोमणा तिला पुढे कितीतरी वर्षं ऐकावा लागला. तिनं कधी खुलासा केला नाही. करणार तरी काय? सड्यावर काही घडलंच नव्हतं. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो. माझ्यापुरता एक होता, तो चालताबोलता माझ्या घरात होता.

खाला पहाटे फजरच्या सुमाराला गेली. दफन दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर ठरलं. सुहेल आता मुंबईला नोकरी करतो. रात्रपाळी संपवून तो तसाच गाडी घेऊन निघाला. तिला माती द्यायला तो कसाही पोचणार, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. दुपारी त्याचा फोन आला. सावर्ड्यात होता, अजून दोनेक तासांची वाट उरली होती.

"आपा, डोळे मिटतायत. चहा घेतला, तोंड धुतलं, उपयोग नाही. गाडी बाजूला लावलीय, जरा झोपतो." मग म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नका."

मी फोन हातात धरून नईमकडे गेले. जमलेल्या पुरुषांतून कुणीतरी म्हणालं, आता आलाच आहे इतका तर येईल की रेटून. नईमनं त्या माणसाकडे पाहिलंही नाही. माझ्याकडून फोन घेतला आणि सुहेलला म्हणाला, "झोप. काच थोडी खाली ठेव. अम्मी आता कुठे जात नाही."

असर झाली. जनाजा उचलला. पुरुष गेले आणि माती देऊन परत आले. सुहेल सूर्य बुडताना, मगरिबच्या अजानला दारात उभा राहिला. त्याचा शर्ट गाडीत झोपून एका कुशीला चुरगळलेला होता आणि डोळे स्वच्छ होते. जमलेल्या बायका बाजूला होत त्याला आधी कब्रस्तानात जाऊन ये म्हणत होत्या, काही हळहळत होत्या, की एवढ्या लांबून आला आणि माती मिळाली नाही. मी त्याच्या शर्टाच्या त्या चुण्यांकडे बघत राहिले. मग हातानं त्या सारख्या करायला गेले आणि हात तसाच मागे घेतला.