बिननावाची वेणी

एर्सिलिया कधी कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. तिची नजर चार बोटं वर, केसांवर. फादर आन्सेल्मोंशी बोलतानासुद्धा तशीच, आणि त्यांना तर टक्कल.

"सवय वाईट, सोरा पाल्मिरा," ती मला, मानानं 'सोरा' म्हणजे 'बाई' लावून, म्हणायची. "नवऱ्यानं मागणी घातली तेव्हाही मी त्याचा भांगच बघत होते. सरळ दिसला, म्हणून हो म्हटलं."

नवरा न्हावी होता. तो वारल्यावर ती ट्रामनं चित्रनगरीत नटनट्यांचे केसांचे टोप बांधायच्या कामाला जाऊ लागली. जाळीच्या टोपीवर बारीक आकड्यानं दोन-दोन केस ओढायचे आणि गाठ मारायची, अशा एका टोपाला हजारो गाठी. केसाचं मूळ कुठलं नि टोक कुठलं, हे ती डोळे मिटून, चिमटीत घासून सांगायची. "उलटसुलट बांधले की केस आपसांत भांडतात, एका चुलीवरच्या दोन सुनांसारखे."

परवा भाजीच्या रांगेत बायकांनी तिला मागे लोटलं. "चोरांनी शेवटी उभं राहावं," कोळसेवाली म्हणाली. एर्सिलिया शेवटी जाऊन उभी राहिली. मी पुढून तिसरी होते. सरकले नाही, बोलले नाही. या वहीत मी रोज हवा, स्वयंपाक आणि प्रार्थना लिहिते. हे चार महिने लिहिलेलं नाही. आज लिहिते.

आमच्या विहिरीवरच्या मारियामातेच्या लहानशा देवळाची किल्ली माझ्याकडे असते. झाडलोट मीच करते. डाव्या भिंतीवर लोकांनी वाहिलेल्या नवसाच्या वस्तू आहेत: चांदीची हृदयं, एक कुबडी, आणि वेण्या. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी असते. नोव्हेंबरात युद्धामुळे तेल मिळेना आणि मातेपुढचा दिवा विझला. मी लहान असल्यापासून तो विझलेला मी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात एर्सिलिया सांगत आली, "सिनेमातल्या डचेसच्या मेजवानीला चाळीस दिवे, सोरा! सगळे खऱ्या तेलाचे. तीनशे वर्षांपूर्वीची डचेस, तिला रेशनकार्ड कुठलं असायला? आणि पत्र्याची चिलखतं घातलेले पन्नास सैनिक दुपारी सूपच्या रांगेत धक्काबुक्की करतात. मोठी लढाई तीच." मग तिचा चेहरा पडला. डचेसच्या टोपाचा पुढचा भाग अडला होता. भाजलेल्या चेस्टनटच्या रंगाचे केस हवे होते. मुली विकायला आणत ते केस वाळक्या गवतासारखे. "पोटात नाही ते डोक्यावर कुठून उगवणार?"

मी भिंतीकडे पाहिलं. एका वेणीला चिठ्ठी नव्हती. शेवटाला नुसती तपकिरी दोरी. म्हटलं, नाव नाही म्हणजे कुणाची नाही. कुणी कधीची मेलेली म्हातारी असेल. दुसऱ्या दिवशी ती एर्सिलियाच्या हातात ठेवून म्हणाले, "माझ्या मावशीची. चौदा साली गेली ती."

तिनं चिमटीत घासली. थांबली. "चौदा साली?"

"हो."

तिनं माझ्या केसांकडे पाहिलं, आणि पिशवीतून डचेसच्या दिव्यांतल्या तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली.

त्यातलं अर्धं तेल दिव्यात गेलं. उरलेल्या अर्ध्यात मी चिकोरीचा पाला लसूण घालून परतला. नवरा म्हणाला, "आज लग्न आहे का कुणाचं?" मी हसले आणि त्याला आणखी वाढलं. मातेच्या नावानं घेतलेलं तेल मी पावानं पुसून खाल्लं.

नाताळ झाल्यावर शेजारची डेल्फिना रडत देवळात आली. डेल्फिना लोकांचे कपडे धुते. तिचा एकुलता एक मुलगा ओरेस्ते रशियाच्या आघाडीवर. त्याची पत्रं मीच तिला वाचून दाखवायची, कारण तिला अक्षर येत नाही. डिसेंबरपासून पत्र नव्हतं. तिनं डोक्यावरचा रुमाल ओढून काढला. खाली केस आखूड, कापलेले.

"पाल्मिरा, माझी वेणी कुठाय? पहाटे मिस्साला आले तेव्हा वाहिली होती, कुणाला न सांगता. ओरेस्तेच्या जुन्या बुटाची नाडी बांधली होती गं तिला!"

चिठ्ठी का नव्हती, ते तेव्हा कळलं. ती लिहिणार कशी?

"मातेनं परत टाकली असेल का माझी वेणी?" ती विचारत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच हातानं ती वेणी काढली होती.

संध्याकाळपर्यंत बायकांनी चोर शोधला. केस कोण विकत घेतं? एर्सिलिया. झालं. किल्ली कुणाकडे असते, हे कुणी विचारलं नाही. मी रोज दिवा लावते ना.

ती माझ्याकडे आली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मला देवळातून काढतील, एर्सिलिया. नवऱ्याला काय सांगू? थोडं थांब."

"थांबते," ती म्हणाली. "माझ्याही चिमटीला कळलंच होतं. ते केस जिवंत बाईचे होते. पण मला टोप पुरा करायचा होता."

चित्रण संपल्यावर तिनं तो टोप चित्रनगरीतून मागून घेतला. बदल्यात दोन टोप फुकट बांधून दिले. मग खिडकीत बसून एकेक गाठ उसवली. मुळं एकीकडे, टोकं एकीकडे. सहा आठवडे. वेणी पुन्हा घातली ती निम्म्या जाडीची झाली. बुटाची नाडी तिनं जपून ठेवली होती, तीच बांधली. आणि देवळाच्या पायरीवर सगळ्यांदेखत ती डेल्फिनाच्या हातात दिली.

डेल्फिनानं तिच्या थोबाडीत मारली. "चोरटे! तुझ्या डचेसच्या डोक्यासाठी माझ्या पोराचा नवस मोडलास?"

एर्सिलिया मान खाली घालून उभी राहिली. मी दाराशी होते, हातात झाडू. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आज ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पापनिवेदनाला मी गेले. फादर आन्सेल्मो म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? जिची वेणी तिला सांग." मी घरी आले, तोंडानं बोलायचं धाडस होईना, म्हणून लिहायला बसले. आता लक्षात येतंय की डेल्फिनाला वाचता येत नाही. हे मलाच वाचून दाखवावं लागणार.

*

वरचं काल लिहिलं होतं. आज सकाळी वही घेऊन तिच्याकडे गेले. माझ्या हातात लिहिलेली पानं दिसताच ती साबणाच्या हातांनी धावत आली.

"पत्र आलं? ओरेस्तेचं? अगं सांग ना!"

"नाही गं. पत्र नाही. बस. हे मी लिहिलंय."

पहिल्या ओळीपासून वाचलं. फादरांच्या टकलाला ती हसली. वेणीपाशी हसणं थांबलं. मी थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

शेवटी ती म्हणाली, "तेलाचं पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. पावानं पुसून खाल्लं, तिथपर्यंत.

तिनं आपल्या लाल हातांकडे पाहिलं. "एकेक गाठ उसवली तिनं?"

"एकेक."

"आणि मी मारलं तिला."

तिनं हात पुसले, शाल घेतली आणि एर्सिलियाच्या दाराकडे निघाली. मला थांब म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. चुलीवर तिचं कपड्यांचं पाणी उतू जात होतं. ते मी उतरवून ठेवलं, आणि किल्ली फादरांकडे द्यायला देवळाच्या वाटेला लागले.