शुक्रवारचे उंदीर

माझ्या नावावर जे काही शोधनिबंध आहेत, त्यांतल्या एकाचाच दाखला लोक आपल्या लेखनात देतात. बाकीचे मी वाचले आणि परीक्षकांनी वाचले. परीक्षकांबद्दलही खात्री नाही. मेंदूवर औषधं कशी काम करतात हा माझा विषय. बोईसरजवळच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात तो मी निवृत्तीपर्यंत शिकवला. त्या एका निबंधात काय चुकलं, किंबहुना चुकलं का, ते आता सरळ लिहून ठेवतो.

डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवर झोप न लागणाऱ्याला एक मूळ उगाळून देतात. त्याच्या अर्कानं भीती कमी होते का, हे मला आणि माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला पाहायचं होतं. यासाठी उंचावर, अधिकच्या चिन्हासारख्या फळ्या असतात. दोन फळ्यांना भिंती, दोन उघड्या. घाबरलेला उंदीर भिंतीआड बसतो, निवांत असलेला उघड्यावर येतो. अर्क दिलेले आमचे उंदीर उघड्या फळीवर असे हिंडले, जणू किनाऱ्यावर हवा खायला आलेत. नुसतं पाणी दिलेले कोपऱ्यात बसून राहिले.

अर्क ताजाच द्यावा लागे आणि तो काढायचं उपकरण शेजारचा विभाग आम्हाला गुरुवारीच देई. म्हणून अर्काचे उंदीर शुक्रवारी. पाण्याला कसली तयारी? ते उंदीर आम्ही मंगळवार-बुधवारी उरकत असू. दोन्ही गट एकाच दिवशी आळीपाळीनं घ्यावेत, हे मी वर्गात घसा फोडून सांगायचो. निबंधात मात्र ‘परिस्थिती सारखीच होती’ असं लिहिलं. तापमान, उजेड, खाणं सारखंच होतं. मला ते खोटं वाटलं नाही.

निवृत्तीनंतर बेटेगावच्या बाजूला घर घेतलं. एका शुक्रवारी दुपारी बायकोनं हलवून उठवलं.

“अहो, रोज डोळा लागत नाही म्हणून कुरकुरता, आणि शुक्रवार आला की तुमचा कुंभकर्ण होतो.”

“आज शांत आहे ना.”

“असणारच. इथल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी आज.”

मी तसाच अंथरुणावर बसून राहिलो. आमच्या उंदरांच्या खोलीची मागची भिंत एका कारखान्याच्या कुंपणाला लागून होती. पलीकडे पत्रा ठोकणारं यंत्र. ते चालू असलं की आमच्या टेबलावरची कपबशी वाजायची. शुक्रवारी वाजत नसे. मग आमचे उंदीर निवांत झाले ते मुळामुळे, की सुट्टीमुळे?

हे सुचूनही काही वर्षं झाली. मी कुणाला बोललो नाही. निबंधाचा कुणी नवा दाखला दिला की संगणकावर सूचना येते. पूर्वी मी ती बायकोला वाचून दाखवायचो. मग न वाचताच बंद करायला लागलो.

यंदा विद्यार्थिनीचा फोन आला. पालघरला ती प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला जाणार होती. तिच्या अर्जात सगळ्यांत वर हाच निबंध. मी तिला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं.

“सर, आत्ता? मुलाखत तोंडावर आलीय माझी.”

“उशीर झाला, मान्य आहे.”

“उशीर तुम्हाला झाला. गोत्यात मी येणार.”

बायकोनं तिच्यापुढे घावनं ठेवली. “खा गं आधी. यांचं हे असंच. अंतरपाट धरल्यावर आठवलं, मंगळसूत्र घरीच राहिलं.”

ती हसली नाही. “पण सर, इतरांच्या प्रयोगांतही तसंच दिसलंय.”

“त्यांनी कुठल्या दिवशी काय केलं, कुठे लिहितात ते?”

“म्हणजे ते चूक?”

“माहीत नाही.”

“मग आपण चूक?”

“तेही माहीत नाही.”

“कमाल आहे! तुमच्याकडे एक प्रश्न घेऊन यावं आणि चार घेऊन जावं.”

“तुझी मुलाखत होऊ दे,” मी म्हणालो, “मग नियतकालिकाला कळवतो.”

“नको. मग मी पद मिळेपर्यंत दडवून ठेवलं असं होईल. आजच लिहा.”

लिहायला बसलो. नियतकालिकाच्या दुरुस्तीच्या अर्जात दोनपैकी एकच उत्तर देता येत होतं: निष्कर्ष कायम ठेवता, की मागे घेता? मी कायम म्हणालो, मग मागे, मग पुन्हा कायम. शेवटी तिनंच लिहिलं, की दोन गट वेगवेगळ्या दिवशी तपासले गेले. निष्कर्ष खरा की खोटा, हे आम्हाला सांगता येत नाही. खाली दोघांची नावं घातली. अर्जातूनही तिनं तो निबंध काढून टाकला.

पद दुसऱ्याला मिळालं. निबंध असता तर मिळालं असतं का, हे मी तिला विचारलं नाही.

आता तिनं तोच प्रयोग पुन्हा मांडलाय, दोन्ही गट एकाच दिवशी. अर्क खरा ठरला, तर मी तिचं पद उगाच घालवलं. खोटा ठरला, तर ज्यांनी आमच्यावर विसंबून पुढचं काम केलं, त्या सगळ्यांना मी भलत्याच वाटेला लावलं. काल तिनं फोनवर विचारलं, “सर, तुम्हाला काय निघायला हवंय?” “जे निघेल ते,” मी म्हणालो, “या वेळी बायकोला वाचून दाखवीन.”