लग्नाच्या भिंतीवर बिडीचा वाघ

आणि हे मी साहेबांना तोंडावर बोललो आहे, आता लिहूनही देतो. कोकण चांगलं आहे, नाही कोण म्हणतो? पण आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या मागच्या अंकात पुण्याच्या टाइमकीपर साहेबांनी कोकणचा प्रवास लिहिला आणि शेवटी काडी टाकली, की वऱ्हाडात कॅमेरा नेणं म्हणजे फिल्म वाया घालवणं. ती काडी माझ्यासाठीच होती. अख्ख्या कांडला बंदरावर बुलढाणा जिल्ह्यातला मी एकटा. मी 'मले' म्हटलं की साहेब हसतात. हसा. पण जिल्हा बघितल्याशिवाय त्याला नापास करायचा हक्क पुण्याला कोणी दिला?

म्हणून होळीच्या आधी रजा टाकली, एका खलाशाकडून घेतलेला डबा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि निघालो. कोणाला जायचं असेल तर सांगतो. गाड्या बदलत बदलत सुरत गाठायची, तिथून भुसावळ, आणि भुसावळहून नागपूरकडच्या पॅसेंजरने नांदुरा. डब्यात बसायला जागा मिळेल ही आशा घरीच ठेवून निघा. फिल्म मात्र इथूनच घ्या, सहा रुपयांत बारा फोटो. नांदुऱ्यात मागितली तर दुकानदार फिल्म देत नाही, विचारतो, "लग्न कोणाचं हाय?"

नांदुऱ्याला उतरलो तर स्टेशनाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची ही रांग. बैलांच्या शिंगांना कापूस, गाडीवानांच्या मिशांना कापूस. मी कॅमेरा लावला तसा एक अडत्या टोपी सावरत धावत आला.

"ओ, काय मोजून राह्यले? सेल्सटॅक्सचे हाय काय?"

"नाही हो, फोटो काढतो."

"कोणत्या पेपरात येते?"

"कोणत्याच नाही."

"मंग कायले काढता बावा? कापूस कधी पाह्यला नाही?"

काढला एक फोटो आणि चहा प्यायला गेलो. चहा पंधरा पैसे, अर्धा कप, वर फेसाचं सोंग. आमच्या गावाकडे जाणारी संग्रामपूरची एस.टी. दुपारची होती, ती आली दिवस कलताना. कंडक्टरला विचारलं तर म्हणतो, "आली न! आता बसा." बस सातपुड्याकडे वळली की दोन्ही बाजूंना पळस पेटलेला दिसतो. एवढा लाल, की डोळे दुखतात. ही एक गोष्ट साहेबांनी खिडकीत बसून बघावी, मग बोलावं.

पण मी पळसासाठी गेलो नव्हतो. मला आमच्या घराच्या भिंतीचा फोटो हवा होता. आमच्याकडे लग्नघराची समोरची भिंत पोताऱ्याने, म्हणजे पांढऱ्या मातीच्या पाण्याने सारवतात आणि दाराच्या दोन्ही अंगांना चित्रं काढतात. हत्ती, घोडेस्वार, बाजेवाले, नवरा-नवरी, आणि खाली नावं. आमच्या पाच-सहा गावांत हे काम माझा मोठा भाऊ गजाभाऊ करतो. नीळ, गेरू, काजळ, आणि बाभळीच्या काडीचा कुंचला. पुढच्या सणाला बायका वरून पोतारा मारतात, हत्ती जातात. कोणी हळहळत नाही. पुढच्या लग्नाला नवे हत्ती.

यंदा लग्न आमच्याच घरी आहे. बहीण सुमनचं, वैशाखात. वैशाखात मला रजा नाही, जहाजं लागतात. म्हणून गजाभाऊ म्हणाला होता, तू येशील तोवर भिंत रंगवून ठेवतो, लग्नाला नाही तर हत्ती तरी पाहून जा.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. हत्ती नाहीत. दारापेक्षा उंच, पिवळाजर्द वाघ, आणि त्याच्या पंजात बिडीचा कट्टा. खाली बिडीचं नाव. ते इथं लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला?

गजाभाऊ दारातच होता. "कसा वाटते?"

"सुमनचे हत्ती कुठं हायेत?"

"काढतो न! खामगावहून बिडीवाल्याचा जीपवाला आल्ता. भिंतीचे दहा देल्ले, काढायचे पंधरा. रंगाचे डबे बी त्याचेच. तेलरंग हाय बे, चमकते पाह्य!"

"आन् हत्ती?"

"लग्नाच्या चार दिवसापुरता पोतारा मारू, वर हत्ती काढू. जीपवाला कायले पाह्याले येते? मंग धुतलं का वाघ वापस."

सगळं ठरवून बसला होता. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मी आहे तोवर दाखव हत्ती. माय आणि सुमनने सकाळी पोतारा मारला. भिंत पांढरी झाली, मलाही बरं वाटलं. ऊन चढलं तशी माती वाळली आणि पापडासारखी सुटायला लागली. आधी वाघाचा एक डोळा उघडा पडला, मग मिशा, मग कट्टा. तेलरंगावर माती धरत नाही. हे पाच गावांच्या चित्रकाराला माहीत नव्हतं, कारण जन्मात त्याने तेलरंग हातात धरला नव्हता. जीपवाल्याला माहीत असणारच. त्याने सांगितलं का? का सांगेल?

समोरची काकू ओट्यावरून ओरडली, "सुमन, तुहा नवरदेव तं भिंतीतूनच पाहून राह्यला वो!"

गल्ली हसली. सुमन नाही हसली. पोताऱ्याचं फडकं तिने अंगणात आपटलं. "पत्रिकेत बी बिडीचं नाव टाका मंग. 'आमचे येथे बिडीकृपेकरून' म्हणा!"

मी गजाभाऊला म्हटलं, "खरवड."

"खरवडलं तं गिलावा खाली येते. आन् जीपवाला पैसे वापस मांगन."

"देऊन टाक."

"कुठून? गूळ-तेल आणलं लग्नाचं."

"वैशाखात वऱ्हाड दारात उभं राह्यलं का काय दाखवशीन? कट्टा?"

तो खाली बघत बोलला, "मले नाही खरवडायचा बे. असा हात माह्या जन्मात बसला नव्हता."

माझं डोकं फिरलं ते इथं. कारण ते खरं होतं. त्याचे हत्ती मी लहानपणापासून बघतो, ते गोणीसारखे असतात. हा वाघ चालत होता. ह्या माणसाला पहिल्यांदा धड रंग मिळाला तो बिडीसाठी, आणि त्याची किंमत बहिणीची भिंत. कोणावर ओरडू? सगळ्यांवर ओरडलो, मायवरही, आणि सकाळी पिशवी उचलून लोणारला निघालो.

लोणार जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. खामगाव, मेहकर, लोणार, पूर्ण दिवस एस.टी.त हाडं खिळखिळी. मेहकरला झुणका-भाकर खाऊन घ्या, पुढे भरवसा नाही. धर्मशाळेत झोपा आणि सकाळी उन्हाच्या आत खाली सरोवरावर उतरा, प्यायचं पाणी सोबत न्या. खालचं पाणी खारट, हिरवंगार, काठावर पांढरा थर. कोकणाला समुद्र असेल. आमच्याकडे समुद्राचा एक घोट आहे आणि त्याला चारी बाजूंनी किनारा आहे. मी काठाने फिरत फोटो काढत होतो, तर एक शेळीवाला म्हातारा मागे येऊन उभा राहिला.

"हिरवं येते काय त्यात?"

"नाही बाबा, काळंपांढरं येते."

"आन् वास?"

"वास कसा येईल?"

"मंग इथलं नेलं काय तुम्ही?" असं म्हणून तो शेळ्या हाकत गेला. त्याच्यावरही चिडलो.

घरी परतलो तेव्हा कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. सुमन दारात तांदूळ निवडत होती.

"भाऊ, वाघाचा फोटो काढ."

"काऊन? बिडीवाल्याले देऊ?"

"गजाभाऊले दे. जवळ फोटो असला का तो खरवडन. सभाव माहीत नाही काय त्याचा?"

मला हे सुचलं नव्हतं. मी फक्त भांडलो होतो. गजाभाऊला सांगितलं तर तो आंघोळ करून धुतलेला सदरा घालून आला, पण वाघाशेजारी उभा राहीना. "मी कायले? त्याचाच काढ. शेपूट आली पाह्यजे पण!" शेपूट येईना म्हणून मी मागे सरत सरत समोरच्यांच्या उकिरड्यावर चढलो. काकू शिव्या देत होती. काढला.

मग तोच म्हणाला, "खरवडतो. पण पैसे धाड, जीपवाल्याचे आन् गिलाव्याचे. हत्ती फुकट काढतो."

मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीचे हत्ती फुकट काढतो म्हणून सांगून राह्यला?"

सुमन तेव्हा कुठे हसली.

रोल गांधीधामला धुवून घेतला. पळस म्हणजे काळे गोळे. लोणार राखेच्या ताटासारखं. कापूस बरा आला आहे. साहेबांनी सगळे फोटो पत्त्यांसारखे उलटले आणि वाघावर थांबले. "हा कुणाचा हात?" म्हटलं, माझ्या भावाचा. "बघायला पाहिजे एकदा." म्हटलं, आता नाही मिळणार. एवढा जिल्हा त्यांच्यापुढे टाकला आणि आवडली काय, बिडीची जाहिरात! ह्याचा राग अजून गेलेला नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही रात्री डोळ्यापुढे लोणार येत नाही, वाघच येतो.

नव्या गिलाव्यावर वैशाखात हत्ती उभे राहतील. ते मला दिसणार नाहीत. गावात दुसरा कॅमेरा नाही, आणि सणाला माय पोतारा मारणारच. तिला थांबवायचं म्हटलं तर ती मलाच वेडा म्हणेल.

आज पगार झाला. वाघाचा फोटो पाकिटात घालून गजाभाऊच्या नावाने टाकला. मनीऑर्डर मात्र सुमनच्या नावाने केली, तो पैसे हातात धरून पुन्हा वाघाकडे बघत बसू नये म्हणून. साठ रुपये.