मटकीची खूण

दुपारची भांडी घासून झाल्यावर शैला स्वयंपाकघरातच, फरशीवर, हाताची उशी करून आडवी होते. झोपायचा तिचा काही बेत नाही. गेल्या काही रात्री झोपेनं तिच्याकडे पाठ फिरवलीय आणि तिनंही फारशी मनधरणी केलेली नाही. अंग मोडून आलंय, डोकं मात्र घोड्यावर बसलंय. उशाशी मटकीचं मोठं पातेलं आहे. आत्ताच तिनं वरचं ताट सरकवून मोड किती आलेत ते पाहिलंय.

डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच बसस्टँडच्या भोंग्यातला आवाज घुमतो. "साताऱ्याकडे जाणारी गाडी लागलेली आहे."

डुबलकाका गॅसच्या शेजारी डबा पालथा घालून बसलेत. कानावर पेन्सिल आहे. सगळा जन्म त्यांनी कराडच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढला आणि गणपतीत, चहा पिता पिता, बसल्या जागी गेले. शैलाला हे पक्कं माहीत आहे. तरी ती म्हणते, "काका, चहा टाकू?"

"चहा ऱ्हाऊ दे. मटकी किती भिजवलीस?"

"रोजच्याएवढी."

"आणि पोरं कुठायत?"

"सुट्टीला. गावी गेलीत सगळी."

"मग रोजच्याएवढी म्हंजे किती?"

शैला पातेल्याकडे बघते. ती मेस चालवते, कॉलेजची पोरं तिच्याकडे जेवतात, आणि मेस बंद असताना इतक्या मटकीचं काय करायचं हे तिला भिजवताना सुचलंच नव्हतं.

हा प्रश्न काका दर बुधवारी विचारायचे. शर्वरी मॅडमच्या गटातली ती रीतच होती. मॅडम समुपदेशक. गटात सगळेच बायपोलरवाले, शैला आणि काकासुद्धा, म्हणजे मन कधी आभाळाला टेकणारे, तर कधी अंथरूणही न सोडणारे. गोळ्या डॉक्टरांच्या, पण आपल्या आजाराशी ओळख मॅडमनी करून दिली. मन चढायला लागलं की पहिल्यांदा आपण काय करतो, ते त्यांनी प्रत्येकाला स्वतःचं स्वतः शोधायला लावलं. ती आपली खूण. ती खूण दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करायची, कारण चढणाऱ्याला आपण चढतोय हे दिसत नाही. शैलाची खूण मटकी, गरजेपेक्षा जास्त भिजवलेली, आणि ती काकांकडे होती. मागच्या वेळी त्यांनी वेळीच हटकलं, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि दवाखान्यात राहण्याची पाळी टळली.

ओट्यापलीकडची भिंत आता नाही. तिथं फलाट आहे. बाकांवर माणसं मांडीवर पातेली घेऊन बसलीत आणि गाडीत कुणीच चढत नाही. शैला त्यांच्यातून वाट काढते, तर गटाच्या खोलीतल्या निळ्या खुर्च्या लागतात. पंखा कुरकुरतोय.

"तुमच्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही, काका."

"बसू दे की कुणाला तरी." काका उभेच आहेत. "ऐक. तुझी खूण माझ्याकडंच ऱ्हायली बघ. मला तिकडनं इचारता येत न्हाई. दुसऱ्या कुणाला तरी दे."

"कुणाला देऊ?"

"घरात माणूस आहे की."

"त्यांना नको." शैलाचा आवाज चढतो. "ते दिवसभर माझ्या पातेल्यात डोकावत बसतील. भाजी खारट झाली तरी डॉक्टर. मी मोठ्यानं हसले तरी डॉक्टर. मला हसायचीसुद्धा चोरी होईल."

"व्हईल खरं. मग त्यांना सांग, कवा इचारायचं आणि कवा न्हाई."

"मी कंटाळले, काका. सारखं आपलंच आपल्यावर लक्ष. हे संपतच नाही."

"न्हाई संपत. मीबी लई दमलो होतो." काका तिच्यासमोर उकिडवे बसतात. "म्हणून तर वाटून घ्यायचं. एकटीनंच राखण केलीस तर झोपशील कवा?"

शैलाला रडू येतं. किती दिवसांनी येतं. काका तिच्या तळहातावर काहीतरी ठेवतात, तिची बोटं मिटवतात आणि कानावरची पेन्सिल काढतात.

"निघालात?" ती विचारते.

"मी कुठं निघतोय? मी गाड्या सोडणारा माणूस. तू नीघ."

शैला डोळे उघडते. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर गेलंय. दारात दिनकर, तिचा नवरा, कपबशी घेऊन उभा आहे. तिला डुलकी लागलेली पाहून तो तसाच थांबला असावा, कारण चहावर साय धरलीय.

शैलाची मूठ घट्ट मिटलेली आहे. ती उघडते. आत मटकीचा एकच दाणा आहे, कोमट, लांब मोड आलेला.

"अहो, त्या पातेल्यावरचं ताट काढा बरं."

दिनकर ताट काढतो. काठोकाठ भरलेल्या पातेल्याकडे पाहतच राहतो. मग हळूच म्हणतो, "शैला, मेस बंद आहे."

"माहितीये." ती तो दाणा त्याच्या तळहातावर ठेवते. "हे तुम्ही सांभाळा. डुबलकाका विचारायचे ना मटकीचं, आता तुम्ही विचारायचं. फक्त बुधवारी. रोज नाही."

दाणा कुठं ठेवावा हे दिनकरला कळत नाही. शेवटी तो शर्टाच्या खिशात ठेवतो. "मॅडमना फोन लावू?"

"मी लावते. तुम्ही नुसते बसा इथं."

तो फरशीवर तिच्याशेजारी बसतो.

"आज बुधवार नाही," तो म्हणतो. "पण एकदा विचारू? किती भिजवलीस?"

"खूप," शैला म्हणते.