उंडीर पलाला

फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो. जानेवारी निम्मा उलटल्यावर एका गृहस्थांना विंटर टायर्सची आठवण झाली होती आणि मी त्यांच्या नावाने बोटं मोडत त्यांच्या गाडीची चाकं काढत होतो. फोन बायचा. बाय म्हणजे माझी थोरली बहीण, फ्लोरी. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही. "बस्तू, जेरू उठत नाहीये," ती म्हणाली. मी वैतागून म्हटलं, "अगं मग झोपू दे की त्याला, एवढ्यासाठी फोन कशाला?" ती त्याच आवाजात तेच चार शब्द परत म्हणाली... तेव्हा मला कळलं. पाना तिथेच टाकून मी निघालो. त्या गृहस्थांची गाडी तीन चाकांवर तशीच राहिली.

जेरू, म्हणजे जेराल्ड, बायचा एकुलता एक मुलगा. एकोणतीस वर्षांचा. झोपेत फीट आली आणि गेला. सहा वर्षं तो प्रोफेशनल बेसबॉल खेळला. आमच्या वसईकडचा दुसरा कुणी माणूस हा खेळ पोटापाण्यासाठी खेळल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. म्हणूनच या पुरवणीच्या संपादकांनी मला सांगितलं, भाच्याच्या कारकिर्दीवर लिहा. लिहितो. पण एक गोष्ट मी बायपासून साडेतीन वर्षं लपवून ठेवली होती. ती वगळून जेरूवर लिहिणं म्हणजे शुद्ध लबाडी, आणि लबाडी माझी बरीच करून झाली आहे.

मी कॅनडात आलो तो बायच्या व्हिटबीच्या घरात, बेसमेंटमध्ये. भावोजी त्याच्या आधीच्या वर्षीच गेले होते. बाय वृद्धाश्रमात शिफ्ट करायची आणि तिचं सहा वर्षांचं पोर माझ्या गळ्यात. बाहेर गुडघाभर बर्फ. मला मुलं सांभाळता येत नाहीत. मला येत होतं ते एकच, टेनिस बॉलवरचं क्रिकेट. गावाकडे मी विकेटकीपर होतो, बरा होतो. मग आमचा रोजचा कार्यक्रम ठरला. भिंतीवर बॉल मारायचा आणि परत येईल तो जमिनीलगत धरायचा, उघड्या हातांनी. "हात मऊ ठेव रे," मी ओरडायचो, "बॉलवर झडप घालू नकोस, त्याला येऊ दे आत." बॉल कधी वेडावाकडा उसळून थेट त्याच्या नाकावर बसायचा. तोंड वाकडं व्हायचं, आता भोंगा सुरू होणार... की मी लगेच टाळी वाजवून कोपऱ्याकडे बोट दाखवायचो, "अरे, उंदीर पळाला! तो बघ, उंदीर पळाला!" आमच्या आईने आम्हाला असंच वाढवलं. मूल पडलं की घरात पहिला उंदीर पळतो. मूल उंदीर शोधायला लागतं आणि रडायचं विसरतं. जेरूही विसरायचा. इकडेतिकडे बघायचा आणि म्हणायचा, "उंडीर पलाला." त्याला ना द धड यायचा ना ळ. सगळं इंग्रजीत बोलणाऱ्या त्या पोराचं हे एवढंच मराठी, आणि तेही असं.

त्या भिंतीवर बॉलचे राखाडी गोल डाग अजून आहेत. त्यावर रंग लावायचं मी दोनदा काढलं होतं. बायने दोन्हीदा उडवून लावलं.

पुढे शाळेच्या टीमचा कोच मला पार्किंगमध्ये गाठून विचारता झाला, या मुलाला हे हात कुणी दिले? ग्लोव्ह घातलेला असूनही तो उघड्या हाताने धरल्यासारखा बॉल धरतो. मी काय सांगणार? "माय बेसमेंट," म्हटलं. त्या दिवशी मी इतका फुगलो होतो की घरी येताना दोन वळणं चुकलो. मग प्रांताची टीम, मग दोन हजार एकच्या उन्हाळ्यात एका अमेरिकन क्लबने त्याला निवडलं, अगदी शेवटी शेवटी, पण निवडलं. इनफिल्डर. वाचकांसाठी सांगतो, बॅट्समनच्या जवळ, मातीच्या पट्ट्यात चौघे उभे असतात, त्यातला एक. जेरू सेकंड बेसला, म्हणजे धावणाऱ्याच्या दुसऱ्या टप्प्यापाशी. बॉल तिथे बंदुकीच्या गोळीसारखा येतो, मध्ये एक खडा लागला तरी दिशा बदलतो, आणि समोरून धावत येणारा माणूस घसरत तुमच्या पायांवर येतो. त्याला चुकवायचं आणि हवेतच फिरून बॉल फर्स्ट बेसकडे फेकायचा, म्हणजे एका बॉलवर दोघे बाद. हे काम जेरू असं करायचा की माझ्यासारख्या तोंडाळ माणसाचीही वाचा बंद व्हायची.

आमच्या लोकांना मात्र त्याचं काही कौतुक नव्हतं. उन्हाळी पिकनिकला एकजण विचारायचा, "विटीदांडूच ना तो?" दुसरा, "ते ठीक आहे हो, पण काम काय करतो?" मी भांडायचो. बाय हसून सगळ्यांना वडे वाढायची. टीव्हीवर तो कधी दिसला नाही हे खरंच आहे. छोट्या गावांतली मैदानं, आठ-आठ तासांचा बसप्रवास, चौघांत एक खोली, आणि रविवारी आईला फोन. तिसऱ्या वर्षी क्लबने सोडलं. पोरगं घरी येऊन आठवडाभर बेसमेंटमध्ये भिंतीवर बॉल मारत बसलं. मग ओटावाच्या एका छोट्या टीमने घेतलं. "इट्स स्टिल प्रो, मामा," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे प्रो म्हणजे प्रोच. मॅच असेल तेव्हा सांग, येतो."

साडेतीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. बायला शिफ्ट होती, म्हणून मी एकटाच ओटावाला गेलो. जागा मस्त मिळाली, टीमच्या बाकाच्या अगदी मागे, मध्ये फक्त जाळी. नऊ इनिंग्जपैकी चौथ्या की पाचव्या इनिंगला तोच प्रसंग, एका बॉलवर दोघे. जेरूने उडी मारली, बॉल फेकला, आणि खालून घसरत आलेल्या धिप्पाड खेळाडूचा गुडघा खाली येणाऱ्या जेरूच्या कानशिलावर बसला. आवाज मला ऐकू आला. तो मातीत पडून राहिला... किती वेळ, आता सांगता येत नाही. मग दोघांनी त्याला धरून बाकावर आणलं. ट्रेनर, म्हणजे टीमच्या दुखापती बघणारा माणूस, त्याच्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, हे कुठलं शहर, आज समोर कुठली टीम. जेरू बघत होता माझ्याकडे. जाळीतून, सरळ माझ्याकडे. आणि म्हणाला, "उंडीर पलाला, मामा. उंडीर पलाला."

मला काय झालं ते स्पष्ट लिहितो. मला आनंद झाला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा घोडा, दहा-बारा वर्षांत माझ्याशी मराठीचा एक शब्द बोलला नव्हता, आणि आज एवढ्या गोऱ्या लोकांत, भर मैदानात मराठी! ऊर भरून आला माझा. ट्रेनरने वळून मला विचारलं, "यू फॅमिली? व्हॉट्स ही सेइंग?" आणि मी हसत हसत म्हटलं, "ही इज सेइंग इट्स नथिंग. फॅमिली जोक. ही इज फाइन." ट्रेनरही हसला. त्याने जेरूच्या गुडघ्यावर थाप मारली. जेरू उठला आणि परत मैदानात गेला.

अरे गाढवा, पोरगं ट्रेनरला मराठीत उत्तर देतंय! त्याला विचारलंय शहर कुठलं आणि तो उंदीर सांगतोय! तो ओटावात नव्हताच. तो व्हिटबीच्या बेसमेंटमध्ये होता, सहा वर्षांचा होता, नाकावर बॉल बसला होता. हे त्या मैदानात समजू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो जाळीमागे हॉटडॉग हातात धरून अभिमानाने रडत होता. ट्रेनरला मी दोष देत नाही. त्याला मराठी येत नव्हतं. मला येत होतं.

पुढच्याच इनिंगला त्याने चुकीच्या बेसवर बॉल फेकला आणि मी स्वतःला सांगितलं, दमला असेल. मॅचनंतर पार्किंगमध्ये त्याने मला दोनदा विचारलं, मॉम कुठे आहे? मी दोनदा सांगितलं, कामावर. तेव्हा हे बरं नाही हे मला कळलं. पण संध्याकाळी बायचा फोन आला, "कुणाचा तरी मार बसला म्हणे, लागलं का रे त्याला?" आणि मी म्हटलं, "छे गं, काही नाही लागलं." का म्हटलं? ती घाबरेल म्हणून. तो टीमबाहेर जाईल म्हणून. आणि आमच्या घरात या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही म्हणून.

त्या मोसमात अजून दोन-तीन मार बसले. पुढच्या वसंतात जेरूच्या त्या माझ्या लाडक्या हातांतून साधे बॉल सुटायला लागले. बेसबॉलमध्ये चूक झाली की ती फलकावर लावतात, सगळ्या मैदानाला दिसेल अशी. जून उजाडायच्या आत टीमने त्याला घरी पाठवलं. मग वॉन गावातल्या एका वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचं काम. मग पहिली फीट, आणि फोर्कलिफ्टही बंद. खोक्यांवर स्टिकर चिकटवायचं काम. उजेड सोसायचा नाही म्हणून बेसमेंटच्या खिडकीला टॉवेल लावलेला. आईवर ओरडायचा आणि मग तासाभराने विसरायचा की ओरडलो. बाय भांडी घासताना मला विचारायची, "बस्तू, माझं पोर असं कशाने झालं रे?" मी टॉवेलने बश्या पुसायचो. डॉक्टर म्हणाले होते, नक्की कुठल्या माराने ते सांगता येत नाही. हे वाक्य मी फार दिवस छातीशी धरून बसलो.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला जेरूने मला एकदा विचारलं, अंधारातच, भिंतीकडे तोंड करून, "मामा, दॅट डे इन ओटावा... डिड आय फिनिश द गेम?" त्याला त्या दिवसातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मी म्हटलं, "हो रे, पूर्ण खेळलास." "व्हॉट डिड आय टेल द ट्रेनर?" मी म्हटलं, "तू म्हणालास, आय अॅम फाइन." "ओके," म्हणाला, "देन इट्स ऑन मी." म्हणजे दोष त्याचाच. मी तिथे बसलो होतो. तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं की बाबा, ते तू नाही म्हणालास, मी म्हणालो. नाही सांगितलं. दीड महिन्याने तो गेला. त्याच्या पेटीत बायने ग्लोव्ह ठेवला. मी शवपेटीला खांदा दिला आणि तेव्हाही गप्प राहिलो.

चर्चमध्ये त्याच्यासाठी महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली त्या शनिवारी सगळे पांगल्यावर मी बायच्या दारापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने, म्हणजे फावड्याने, काढत होतो. वर भुसभुशीत बर्फ आणि खाली काचेसारखा गोठलेला थर. पाय सटकला आणि मी पाठीवर आपटलो, कोपर असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दार उघडून बाय बाहेर आली. "लागलं का रे?"

पन्नास वर्षांचं पाठ असलेलं उत्तर जिभेवर आलं होतं. "नाही गं" म्हणायला तोंडही उघडलं. आणि निघालं ते भलतंच. "हो गं बाय," मी म्हटलं, "लागलं. खूप लागलं गं..." आणि तिथेच, बर्फात बसून, कोपर धरून, मी तिला ओटावाचं सगळं सांगितलं. गुडघा, जाळी, ट्रेनर, माझं भाषांतर, पार्किंगमध्ये तिच्याबद्दल दोनदा विचारलेलं, आणि भिंतीकडे तोंड करून तो काय म्हणाला ते. ती सपाता घालून पायरीवर उभी होती. कोट नव्हता अंगात. एकदाही मला थांबवलं नाही. मला वाटलं होतं शिव्या देईल, हातातलं काहीतरी फेकून मारेल. मारायला हवं होतं.

तिने एवढंच विचारलं, "मराठीत बोलला?"

"हो."

"काय म्हणाला, परत सांग."

"उंदीर पळाला."

"असं नाही," बाय म्हणाली. "त्याच्यासारखं म्हण."

मी म्हटलं. उंडीर पलाला, मामा. उंडीर पलाला. तिने डोळे मिटून ऐकलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

याला दोन आठवडे झाले. ती माझ्याशी बोललेली नाही. फोन उचलत नाही. बर्फ पडला की मी जातो, ड्राइव्हवे साफ करतो आणि बेल न वाजवता परत येतो. बेसमेंटच्या खिडकीवरचा टॉवेल तिने काढलाय. बाहेरूनही ती डागांची भिंत दिसते. काल गेलो तेव्हा ड्राइव्हवेवर मीठ टाकलेलं होतं, बर्फावरून पाय सटकू नये म्हणून टाकतात ते, पायरीपासून थेट माझी गाडी उभी राहते तिथपर्यंत. मी शोव्हल घेऊन थोडा वेळ उभा राहिलो आणि मग गॅरेजला उशीर झाला म्हणून निघालो.